नावबुडव्याचा दगड

या, असे जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकून बसलेल्याला गोष्ट ऐकू येते, पण गोष्टीतली धडधड ऐकू येत नाही. आणि आज सांगणार आहे ती धडधडीचीच गोष्ट आहे. चोरीची आहे. सोन्याची नव्हे, एका दगडाची. तीही कुठून, तर दफनभूमीतून. जिथे माणूस सगळं टाकून येतो, तिथून कुणीतरी काहीतरी उचलून नेलं! चोर कोण ते शेवटी कळेलच, पण खुणा मी वाटेत टाकत जाईन. देवही असंच करतो. खुणा पायाशी ठेवतो, आणि आपण आभाळाकडे बघत ठेचकाळतो.

१

"बाई, दगड गेला!"

सकाळी दारात येऊन राखणदार एवढंच म्हणाला आणि धापा टाकत उंबऱ्यावर बसला. दफनभूमी राखण्यात त्याचा जन्म गेला होता. "माझ्याकडचं कुणी कधी उठून गेलं नाही," हा त्याचा ठेवणीतला विनोद. आज त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कुठला दगड?" बाईंनी विचारलं.

"कुठला काय! नावबुडव्याचा!"

या बाई म्हणजे गावाच्या वेलांटीबाई. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात उभी हयात गेली. आता निवृत्त होऊन गावी राहत, पण खोड जाते कुठे? दुकानाची पाटी दिसली की त्यांचा हात खडूकडे जायचा. दफनभूमीच्या फाटकावर 'आत शांतता पाळावी' असं लिहिलं होतं, तर म्हणाल्या, "आतले पाळतातच. 'आत येणाऱ्यांनी' असं लिहा." तेव्हापासून राखणदार त्यांना गुरुस्थानी मानायचा, आणि गावात काही हरवलं, बिनसलं, की लोक आधी त्यांच्याकडे यायचे. चूक शोधणं हाच त्यांचा धंदा, असा गावाचा हिशेब.

पण आज हरवलं होतं ते त्यांचं स्वतःचंच होतं.

नदीवर नवा पूल होणार होता. पुलाचा रस्ता सरळ रेषेत टेकडीच्या उतारावरून, म्हणजे दफनभूमीवरूनच जाणार होता. जागा लहान, आवाज दिला तर या कुंपणाचा त्या कुंपणाला ऐकू जाईल. कबरी 'सन्मानाने' दुसरीकडे हलवू, असं सांगण्यात आलं होतं. ते थांबवायचा एकच उपाय: वारसा खात्याने या जागेला जुना ठेवा म्हणून मान्यता द्यायची. खात्याचे साहेब मागे एकदा येऊन गेले. फिरले, तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणाले, "पण अशा दफनभूमी गावोगाव आहेत. इथं वेगळं काय?"

मग त्यांना तो दगड दिसला.

गुडघाभर उंच, कललेला, अर्धा मातीत गेलेला. वर एक उताणा चंद्र कोरलेला. चंद्राखाली 'याणें', आणि त्याखाली 'नाव बुडविल'... पुढे 'ल'च्या डोक्यासकट दगडाचा उजवा कोपराच उडालेला. नावगाव काही नाही. गाव पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलं: याणें नाव बुडविले. पोरांनी खोड्या केल्या की मोठी माणसं दटावत, "नीट वाग, नाहीतर तुझाही असा दगड उभारतील!"

साहेब त्यापुढे उकिडवे बसले होते. "मेलेल्याची स्तुती करणारे दगड हजारो पाहिले. मेल्यावर निंदा करणारा हा पहिलाच. हा असेल तर जागा वाचेल. फाटकाशी याच्या चित्राची पाटीच लावू."

साहेब उद्या सकाळी शेवटची पाहणी करायला येणार होते. आणि आज दगड नव्हता.

बाईंनी पायात चप्पल सरकवली. राखणदाराला चेहरा दिसू नये म्हणून तोंड फिरवलं. दफनभूमीच्या कुंपणाशी एक एवढासा उंचवटा होता. त्यावर दगड नाही, अक्षर नाही. बाईंची मुलगी. नाव ठेवायच्या आधीच गेली, मग दगडावर काय कोरणार? मोठी माणसं हलवता येतात हो. तान्ह्याचं हलवायला काय उरतं? तिथली माती, तेवढीच ती.

२

दगडाच्या जागी खड्डा नव्हता. हेच पहिलं नवल.

माती दाबून बसवलेली, वर गवताचा थर पुन्हा नीट लावलेला. आदल्या संध्याकाळी पावसाची सर येऊन गेल्याने माग कसलाच उरला नव्हता.

"चोर होता की माळी?" राखणदार डोकं खाजवत म्हणाला.

"ज्याला नुसता दगड न्यायचाय तो खड्डा तसाच टाकून पळतो," बाई म्हणाल्या. "यानं पांघरूण घातलंय. खाली कुणी निजलंय, याची त्याला जाण होती. शेवटचा कधी पाहिलास?"

"काल सकाळी. मीच त्याच्यावरचं शेवाळ झाडलं. दुपारी जेवायला घरी गेलो. परत आलो तेव्हा... बघितलंच नाही हो बाई. रोजचा दगड, त्याच्याकडं बघतो कोण?"

"आणि इथं कोण होतं?"

राखणदाराने हनुवटीने फाटकाकडे दाखवलं. तिथे सुतार बाक करत बसला होता. साहेबांना टेकायला जागा हवी म्हणून गावाने सांगितलेलं काम. बाक पेटीसारखा होता, चारी बाजूंनी फळ्या मारलेल्या. त्याच्या फळ्या, ओंडके, दोरखंड गेला आठवडाभर वाटेवर पसरलेले असायचे.

"बसा बाई, पक्का झालाय," सुतार मान वर न करता म्हणाला.

बाई बसल्या. बाक तसूभर हलला नाही, पण बसल्या जागी गारठा चढला. पावसाचा असेल, नाहीतर आपल्याच जिवाचा, असं त्यांना वाटलं. बाकाचे पाय ओल्या मातीत पार घोट्याएवढे रुतले होते. शेजारी सुताराची भरलेली हत्यारांची पेटी मात्र गवतावर अलगद बसलेली.

सुतार फळ्यांच्या फटींत काथ्या ठोकून वर गरम डांबर ओढत होता.

"बाकाला डांबर?"

"फटी बुजवाव्याच लागतात, बाई. नाहीतर पाणी आत येतं."

"काल दुपारी कुणी आलेलं दिसलं का, दादा?"

"मी खाली मान घालून काम करतो," सुतार म्हणाला. आणि खरंच, त्याने मान वर केलीच नाही.

बाई निघाल्या. पण फाटकापाशी त्यांचं पाऊल अडखळलं. काहीतरी चुकलं होतं. मुद्रितात चूक असली की ती सापडायच्या आधी डोळ्यांत खुपते, तसं. काय खुपतंय ते मात्र कळेना.

३

पुलाच्या कामावर ठेकेदाराची पत्र्याची खोली होती. आत पंखा घरघरत होता आणि तो त्याहून मोठ्याने बोलत होता.

"या मावशी! मला ठाऊकच होतं. गावात पान हललं तरी ठेकेदारानंच हलवलं!"

"दगड गेला तर फायदा तुमचाच."

"फायदा? अहो, मला दगड हवा असता तर मशीन लावून अख्खी टेकडी उचलली असती. ढेकूण मारायला तोफ आहे माझ्याकडं! एक दगड चोरायला मी काय भुरटा चोर आहे?" मग त्याचा आवाज जरा उतरला. "हे बघा, रस्ता वरच्या अंगानं वळवला तरी पूल मीच बांधणार. माझं काम वाढेल, घटणार नाही. चार शिव्या घालीन आणि वळवीन."

हे खरं होतं. बाईंना खोटं वाचायची सवय होती, आणि इथे त्यांना एकही खाडाखोड दिसली नाही.

"पण एक सांगू?" तो म्हणाला. "तुम्ही त्या मूठभर जागेसाठी जीव टाकताय. पलीकडच्या तीरावर पाया खणताना काय लागलं माहितीये? हाडंच हाडं. मैदानच्या मैदान. कुठल्याशा जुन्या तापाच्या साथीत तिकडची वस्ती साफ झाली म्हणतात. त्यांना ना दगड, ना पाटी. आणि तुमच्या इकडं? मूठभर! नदी एकच, वारा एकच. नशीब बघा."

"इकडं साथ आली नाही?"

"आली असती तर जागा एवढीशी राहिली असती का?"

बाई बाहेर पडल्या. एक संशयित हातचा गेला होता, आणि दिवस माथ्यावर आला होता.

४

पाथरवटाच्या अंगणात दगडाची भुकटी धुक्यासारखी तरंगत होती. तो भुवयांपर्यंत पांढरा झाला होता.

"ताई, माझ्यावर संशय ना? घ्या, शोधा. दगडांच्या ढिगात दगड लपवायला माझ्याइतकी सोय कुणाला आहे?" तो हसला, पण हसू लगेच विझलं. "राखणदारानं सांगितलंच असेल. मी त्या दगडाला हात लावायला गेलो होतो."

"कशाला?"

"शब्द तुटका ठेवून साहेबाला दाखवायचा? माझ्या हाताला खाज सुटली. म्हटलं, 'ल'च्या डोक्यावर एक मात्रा ओढतो, 'बुडविले' पुरं होईल. तर त्यानं मला छिन्नीसकट हाकललं!"

"कुठं ओढणार होतात? दाखवा बरं."

पाथरवटाने समोरच्या लादीवर खडूने सगळा दगड काढला. चंद्र, त्याखाली 'याणें', त्याखाली 'नाव बुडविल'. मग उजवीकडचा मोडलेला कोपरा. कारागिराच्या नजरेने अंतर न अंतर नेमकं उतरवलं होतं.

बाई वाकून बघत राहिल्या. "डावीकडं किती जागा सोडलीय?"

"बोटभर."

"आणि उजवीकडं, 'ल'च्या पुढं?"

"कोपरा धरला तर दोन बोटं भरेल. तीच तर गंमत आहे. तो जुना कारागीर मोठा नेमका होता. वरच्या ओळीत दोन्ही बाजू तोलल्यात त्यानं. इथंच कसा घसरला देव जाणे."

बाईंच्या डोळ्यांत पुन्हा ते खुपणं सुरू झालं.

"बुवा, एवढा दगड एकट्याला हलेल का?"

"उचलणार नाही. पण पहारीनं उपटून, फळीवर आडवा करून, खाली ओंडके घालून ढकलला तर पोरगंही नेईल." पाथरवटाने आजूबाजूला पाहिलं. "पहारीवरून आठवलं. माझी पहार सुतारानं नेलीय, बाकाच्या जागेतले धोंडे काढायला. अजून आली नाही परत."

५

सुतार घरी नव्हता. त्याचे वडील खाटेवर पडून होते, वाळल्या पानासारखे. खाट भिंतीकडे तोंड करून लावली होती. टेकडीकडची खिडकी बंद.

"उघडू का, बाबा? हवा येईल."

"नको." मग भिंतीकडेच बघत, "उद्या पाटी लागणार म्हणे?"

"कशाची?"

"त्याची." म्हाताऱ्याने डोळे मिटले. "मी आता काही दिवसांचा सोबती. इथं पुरून घ्यायला म्हणून तर परत या गावात आलो. मुलाला एवढंच म्हटलंय, त्याच्यासमोर मला ठेवू नकोस. आयुष्यभर त्याला पाठ दाखवली. आता उताणा निजवशील, तर तोंड कुठं फिरवू?"

नजर चुकवायला बाईंनी वर पाहिलं. आढ्याला एक जुना पाळणा टांगलेला होता. त्याच्या सगळ्या फटी काळ्याभोर.

"पाळण्यालाही डांबर?"

म्हातारा किंचित हसला. "आमच्यात लाकडाला लाकूड जोडलं की काथ्या ठोकायचा आणि डांबर ओढायचं. माझ्या आज्याची शिस्त. पाळणा असो, पेटी असो. का, विचारलं तर म्हणायचा, पाणी आत येऊ द्यायचं नाही. पाळण्यात कुठलं पाणी येणार हो? पण म्हणायचा."

बाईंनी पाळण्याला बोट लावलं. तो हलला. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, तरी त्यांचा हात निघेना.

परतताना संध्याकाळ झाली होती. त्या नदीवरून चालल्या होत्या. जुन्या पुलाखाली पाण्याच्या कडेला एक झिजलेला धक्का होता, आणि त्यात गंजलेलं लोखंडी कडं. पूल नव्हता तेव्हा इथे काहीतरी बांधत असणार.

पाणी आत येतं.

बाई थबकल्या. हेच तर सकाळपासून खुपत होतं! बादलीतलं पाणी बाहेर जातं. छपरातलं पाणी खाली येतं. आणि बाकाला 'आत' कुठून आलं? पाणी 'आत' येतं अशी जगात एकच लाकडी वस्तू आहे.

त्यांनी लोखंडी कड्याकडे पाहिलं. मग वर, आभाळात नुकत्याच दिसू लागलेल्या चंद्राकडे. कोर उभी होती. दगडावर आहे तसा बुडाशी सपाट चंद्र कधी असतो?

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तो चंद्र नाहीच."

६

सकाळी ऊन वर यायच्या आत बाई बाकापाशी होत्या. सुतार एकटाच होता. बाकावरून हात फिरवत होता, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"दादा, दगड आत आहे ना?"

सुताराचा हात थांबला.

"लाकडी बाक बसणाऱ्याला एवढा गार लागत नाही. आणि ओल्या मातीत असा रुततही नाही. परवा दुपारी राखणदार जेवायला गेला. तुमच्या फळ्या-ओंडके वाटेवर होतेच. पहार पाथरवटाची. खड्डा बुजवून गवत लावलंत, कारण खाली तुमचाच माणूस आहे."

सुतार खाली बसला. "कसं कळलं?" त्याने विचारलं. "आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. मरताना बाप मुलाच्या कानात सांगतो, तेवढंच. आमच्या कुळानं त्या दगडापायी गाव सोडलं. म्हातारा मरायला म्हणून परत आला, आणि साहेब म्हणतो फाटकाशी पाटी लावतो! त्याची तिरडी त्या पाटीखालून नेऊ?"

"दगड काढताना खालचं वाचलंत का?"

"पाठ वर करून नेला. त्याचं तोंड बघायची हिंमत नाही झाली. खालचा भाग तर मातीनं लडबडलेला." तो हात जोडून म्हणाला, "बाई, बोलू नका. बाबा जाईपर्यंत तरी. मग मीच परत उभा करीन."

बाईंनी कुंपणाकडे पाहिलं. तो एवढासा उंचवटा दवाने चमकत होता.

"माझी मुलगी तिथं आहे, दादा. आज दगड दिसला नाही तर ती रस्त्याखाली जाईल." त्या त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. "पण मी त्यासाठी आले नाही. म्हणजे, त्यासाठीही आले. खोटं कशाला बोलू? मला एक सांगा, तुमचे पूर्वज काय करत?"

"सुतारकीच."

"त्याआधी?"

"माहीत नाही."

"तुमच्या हातांना माहीत आहे. काथ्या ठोकून वर डांबर कोण ओढतं? पाणी आत येऊ नये म्हणून कोण झटतं? ते होडी बांधतात, दादा. होडी म्हणा, नाव म्हणा."

सुताराने त्यांच्याकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने मान वर केली होती.

"दगडावर 'नाव' आहे. आपण सगळ्यांनी वाचलं, ते नाव. माणसाचं. शेवटचं अक्षर तुटलेलं. तुटलेल्या जागी माणूस आपल्या मनातलं वाचतो. मीही तेच केलं, आणि म्हणे माझा धंदा! पण 'ले' असता तर मात्रा डोक्यावर बसली असती, शेजारी जागा लागली नसती. 'ली'च्या वेलांटीला शेजारी उभी रेघ लागते. त्या कारागिरानं जागा सोडली होती. आणि वरचा चंद्र, ती नाव आहे. त्यानं ते नाव बुडवलं नाही, दादा. ती नाव बुडवली."

"म्हणजे बुडवलीच ना काहीतरी?" सुतार कडवटपणे म्हणाला. "कशाला? दारू पिऊन? उतारूंसकट?"

"ते खाली लिहिलं असेल. मातीत गेलेल्या भागावर."

"आणि तुमचं चुकलं असलं तर? खाली आणखी वाईट काही निघालं तर?"

इथे खोटा धीर देणं किती सोपं होतं! बाईंनी तो दिला नाही. त्या म्हणाल्या, "तर जे असेल ते वाचू. पण आजवर तुम्ही ज्यापायी सोसलंत, ते कुणी वाचलेलं नाही. नुसतं म्हटलेलं आहे."

फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

७

साहेब आत आले. मागे राखणदार, पाथरवट, आणि 'सहज आलो' म्हणत ठेकेदार. साहेबांनी बाक पाहिला, "वा!" म्हणाले आणि बसायला वाकले.

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही वारशावर बसताय."

कुणाला काही कळेना. बाई फक्त सुताराकडे बघत राहिल्या.

सुताराने पटाशी उचलली. स्वतः ठोकलेला काथ्या त्याने स्वतः उपसला, आणि म्हणाला, "दगड मी घेतला. तो माझा पणजोबा आहे, की त्याचाही कोण, ठाऊक नाही. पण माझा आहे."

राखणदाराचा आ वासला. "अरे, मग मला सांगायचं ना! मी काय त्याला पितर म्हणून जेवायला घातलं नसतं?"

हसावं की रडावं, कळेना. पाथरवट आणि ठेकेदार पुढे झाले. चौघांनी मिळून दगड बाहेर काढला, उताणा केला. वरचा भाग सगळ्यांच्या ओळखीचा. खालचा मात्र मातीने माखलेला, वाळून घट्ट झालेला.

राखणदाराने पाणी आणलं. बाईंनी ओंजळीने घातलं आणि सुताराला म्हणाल्या, "तुम्ही धुवा. तुमचा माणूस आहे."

माती आधी काळी झाली, मग ओघळली. सुताराची बोटं खाचांतून फिरत होती, पण तो डोळे मिटून होता. एक अक्षर उघडलं. 'गां'. मग 'व'. गाव काय? गाव सोडला? गाव लुटला? पाणी संपलं. राखणदार पुन्हा पळाला. दुसरं भांडं आलं, उरलेली माती ओघळली.

मग पाथरवटानेच मोठ्याने वाचलं:

"गांव तारिला."

याणें नाव बुडविली. गांव तारिला.

ठेकेदाराने डोक्यावरची टोपी काढली. "पलीकडची साथ," तो पुटपुटला. "नाव एकच असणार. ती बुडवली, म्हणून ताप इकडं आला नाही."

"आणि ज्यांची माणसं पलीकडं अडकली," बाई हळूच म्हणाल्या, "त्यांनी त्याला शिव्या दिल्या असतील. गावानं दगड उभारला खरा, पण म्हणूनच त्यावर त्याचं नाव लिहायला कुणी धजलं नाही. दगड खचत गेला, खालची ओळ मातीत गेली, आणि वर उरल्या त्या शिव्या."

साहेबांनी दफनभूमीवर नजर फिरवली, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत.

"मागं मी विचारलं होतं, इथं वेगळं काय," ते म्हणाले. "ही जागा लहान आहे, हेच वेगळं. पलीकडची मोठी आहे. ही लहान राहिली ती या माणसामुळं. अशी जागा मी कुठल्या तोंडानं खणू देऊ?"

ठेकेदाराने ठरल्याप्रमाणे चार शिव्या घातल्या. मग पाथरवटाच्या खडूचा तुकडा घेऊन रस्ता वरून कसा वळवता येईल, ते बाकाच्या फळीवर काढू लागला.

बाई कुंपणाकडे गेल्या आणि त्या उंचवट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांना तिथे कुणी हाक मारली नाही.

८

सुताराने त्याच दुपारी टेकडीकडची खिडकी उघडली. म्हाताऱ्याने उजेडाला हात आड धरला.

"बाबा, दगड धुतला. अक्षर 'ले' नव्हतं."

"मग?"

"ली."

म्हाताऱ्याला आधी कळलं नाही. त्याने ते अक्षर तोंडात घोळवलं. "नाव... बुडवि... ली?"

"ली. आपली नाव, बाबा. त्यानं नाव बुडवली आणि गाव वाचवलं. खाली कोरलंय."

"बोट लावून बघितलंस?"

"बोट लावून."

म्हातारा टेकडीकडे बघत राहिला. आयुष्यभर पाठ दाखवली होती, ते तोंड आता उजेडात होतं. मग म्हणाला, "खाट फिरव."

पुढे तो गेला, तेव्हा त्याच्याच मनासारखं त्याला त्या दगडासमोर ठेवलं. समोरासमोर. फाटकाशी पाटी लागली. मजकूर वेलांटीबाईंनी तीनदा तपासला. आणि सुताराने कुंपणाशी त्या एवढ्याशा उंचवट्यावर, कुणी न सांगता, एक छोटी लाकडी नाव आणून ठेवली. फटी नीट बुजवलेली. पाणी आत येणार नाही अशी.

अक्षर झिजतं, मंडळी, अर्थ मातीत जाऊन निजतो. धुणारा भेटेपर्यंत वाट बघतो. तेव्हा आज घरी जाल, दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्या एकालाही आठवा. त्याला काय म्हणत, ते मला विचारू नका. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याची नाव आठवा.